नाझलूच्या आईचं म्हणणं

मद्रास, ६ जानेवारी १७७४

ताई,

आज आपला आर्मेनियन नाताळ, आणि माझ्या पाठीवरून घामाच्या धारा वाहतायत. पाद्रीबुवा गोठ्यातल्या थंडीचं वर्णन करत होते आणि मी झग्याच्या बाहीने मान पुसत होतो. तू शेजारी असतीस तर चिमटा काढून सरळ बसवलं असतंस. तिकडे इराणात, जुल्फात आता छपरांवर बर्फ असेल. तुम्ही सगळ्या शेकोटीभोवती बसून सुके जर्दाळू खात असाल आणि माझी आठवणसुद्धा काढत नसाल.

बरं, आता बातमी. आम्ही देश तयार करतोय. हसू नकोस! पाच जण आहोत. त्यात मी सगळ्यात लहान आणि एमनियाज काका सगळ्यात मोठे. ते इथल्या आपल्या चर्चचे पंच. कागद त्यांचा, छापखान्याची जागा त्यांची, त्यामुळे मतंही त्यांचीच जास्त. तर आम्ही नियमांचं पुस्तक लिहितोय. आरारातच्या पायथ्याचा आपला मुलूख आज सुलतानाने आणि शहाने मधोमध फाडून घेतलाय, हे मलाही कळतं. पण उद्या तो मोकळा झाला तर? तेव्हा काय, आणखी एक राजा शोधायचा आणि त्याच्यापुढे वाकायचं? आम्ही म्हणतो, राजाच नको. लोकांनी निवडलेली सभा हवी, सभेने नेमलेला एक मुख्य हवा, आणि तो चुकला तर त्यालाही कुठल्याही शिपायासारखं उभं करून जाब विचारता आला पाहिजे. इंग्रज आणि फ्रेंच पंडितांची पुस्तकं इथे बंदरात उतरतात. आम्ही ती वाचतो, कडाकडा भांडतो, आणि मग आपल्या माणसांना पटेल असं आपल्या भाषेत लिहितो. मद्रासच्या दमट हवेत शाई दोन-दोन दिवस वाळत नाही, तरी छापतोय.

पहिली काही पानं पाठवतोय. आईबाबांनी तुला मठात घालून वाचायला शिकवलं, त्याचं काहीतरी सार्थक कर. वाचून खरं काय वाटलं ते कळव. म्हणजे कौतुक कळव. नाझलूसाठी छिटाचं कापड आहे. मी निघालो तेव्हा पाळण्यात होती, आता केवढी झाली असेल!

तुझा देश घडवणारा भाऊ,
अवेतिक

*

जुल्फा, १९ जून १७७४

बाळा अवेतिक,

पानं मिळाली. बसून वाचली. पुन्हा वाचली. काय रे तुझा देश! सुभेदार आहेत, सैनिक आहेत, पाद्री आहेत, परमुलखातून येऊन राहणाऱ्यालासुद्धा हक्क आहेत. तुमच्या देशात स्वयंपाक कोण करतं? मुलं कुठून येतात? पाच पुरुष एका खोलीत बसले की असंच होणार म्हणा.

हे पत्र मठातल्या माझ्या गुरुमातेकडून येतंय. तुझीही तिच्याच पत्त्यावर पाठव. घरी आलेलं प्रत्येक पत्र थोरले दीर आधी वाचतात.

तू विचारशील, ताई एवढं लिहिते, मग घरात बोलत का नाही? अरे, तू गेलास तेव्हा लहान होतास, तुला काय ठाऊक. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून तोंडावर पट्टी आहे. सासऱ्यांसमोर आणि थोरल्या दिरांसमोर सुनेने बोलायचं नाही, खुणेनं सांगायचं, घराचा प्रमुख जीभ सोडवेपर्यंत. सगळ्यांचीच रीत, त्यात नवल नाही. मूल झालं, दोन-चार वर्षं गेली की सासरा सुनेच्या हातावर एखादी भेट ठेवतो आणि म्हणतो, "बोल बाई आता." माझे सासरे ते म्हणायच्या आतच गेले. मग थोरले दीर, मार्तिरोस, प्रमुख झाले. त्यांना वाटलं असेल, बरंच आहे, घरात एक तोंड कमी. तुझे दाजी हारुत होते तोवर रात्री कुजबुजायला तरी माणूस होता. ते बसऱ्याला तापाने गेले, आणि आता मी नाझलूशी, मांजराशी आणि तुझ्याशी बोलते.

आता खरं सांगते. परवा पाहुण्यांसमोर जेवताना मार्तिरोस म्हणाले, नाझलूला शिराझच्या बाबाजानला द्यायचं. हा रेशमाचा बडा व्यापारी. दोन बायका पुरल्यात त्याने, आणि त्याचा थोरला मुलगा आपल्या नाझलूपेक्षा मोठा आहे. नाझलू अजून मठात वाचायला शिकतेय रे! मी वाढता वाढता थांबले. मान हलवली, दोन्ही हात हलवले, डोळ्यांत पाणी आलं. तर हे पाहुण्यांना म्हणतात, "बघा, आईला आनंद आवरत नाहीये." आणि सगळे हसले. बाबाजान पुढच्या वर्षी क्रुसाच्या सणाला येणार, आणि मोठ्या चर्चच्या अंगणात, व्यापाऱ्यांच्या सभेपुढे नावं जाहीर होणार. एकदा तिथे नाव घेतलं की संपलं. मागे फिरता येत नाही.

अवेतिक, मला माझी मुलगी वाचवायचीय. बाकी काही नको. तुझ्या पुस्तकात माझ्यासारखीसाठी एखादी ओळ आहे का, की तिथवर येता येता शाई संपली?

ताई

*

मद्रास, २५ नोव्हेंबर १७७४

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. आनंद आवरत नाहीये म्हणे! मार्तिरोसदादांना मी लगेच पत्र लिहिलंय, आणि असं लिहिलंय की त्यांची झोप उडेल. निसर्गाने माणसाला स्वतंत्र जन्माला घातलं इथपासून सुरुवात केली, रोमपर्यंत गेलो, आणि शेवटी विचारलं की जुलमी राजा आणि जुलमी दीर यात फरक काय. तू आता निश्चिंत रहा.

आणि तुझं म्हणणं मी आमच्या बैठकीपुढे ठेवलं. तुझं नाव न घेता म्हटलं, "एका बाईचा प्रश्न आहे." एमनियाज काकांनी हुक्क्याची नळी खाली ठेवली. "घरातलं घरात," म्हणाले. "कायदा उंबऱ्याच्या बाहेर थांबतो."

मी म्हटलं, "काका, शहासुद्धा हेच म्हणतो की. अख्खा इराण माझं घर."

"शहाचं नाव काढू नकोस. भिंतींना कान असतात."

"मद्रासच्या भिंतींना आपली भाषा कुठे कळते?"

त्यावर बाकीचे हसले, काका चिडले, आणि तीन दुपारी आम्ही नुसते भांडत होतो. एक जण म्हणाला, बाईला विचारत बसलो तर एक लग्न व्हायचं नाही. मी म्हटलं, मग जी होतायत ती कशाच्या जोरावर होतायत ते तरी कळेल! शेवटी मत घेतलं. तिघं बाजूने, दोघं विरुद्ध. काका विरुद्ध होते, पण हरल्यावर त्यांनी स्वतः उठून कागद काढून दिला, हे त्यांचं मोठेपण मला मान्य करावं लागेल. नियम असा झाला: पुरुष असो वा स्त्री, ज्याच्या आयुष्याचा निर्णय व्हायचा आहे त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय कुणीही निकाल देऊ नये, आणि त्याच्या वतीने दुसऱ्याने बोललेलं धरू नये.

ताई, ही ओळ तुझी आहे. छापील पान सोबत आहे. बाकी सगळं उत्तम.

अवेतिक

*

जुल्फा, ईस्टरनंतरचा मंगळवार, १७७५

अवेतिक,

तुझ्या पत्राने झोप उडाली, पण माझी. मार्तिरोसनी ते ईस्टरच्या पंगतीत पाद्र्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. जुलमी राजा आणि जुलमी दीर आला तेव्हा लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मार्तिरोस म्हणाले, "आमच्या हारुतच्या मेहुण्याचा मेंदू मद्रासच्या उन्हात पाघळला." आणि दुसऱ्या दिवसापासून नाझलूचं मठात जाणं बंद. "जास्त वाचलं की काय होतं ते पाहिलं," म्हणाले. शहाण्या, माणसाशी बोलायचं तर आधी त्याला रोममध्ये नेऊ नये, एवढं तुला कळू नये? खरंच तुझ्यापुढे हात टेकले.

आणि तुझा कागद यावेळी पातळ आहे. "बाकी सगळं उत्तम" असं तू लहानपणी गुडघा फोडून घरी यायचास तेव्हाच म्हणायचास. काय लपवतोयस?

पण ते पान. ते पान मी दिव्याजवळ नेऊन पुन्हा पुन्हा वाचलं. एवढीशी ओळ! मी ते गुरुमातेला दाखवलं. तिने चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाली, "यात नवीन काय आहे? रेशमाचं गाठोडं भिजलं म्हणून दोन व्यापारी भांडले, तर सभा दोघांना उभं करते की नाही? मालक कितीही मोठा असो, त्याच्या परदेशातल्या गुमास्त्याचं ऐकल्याशिवाय सभा निकाल देत नाही. तुझे आजोबा त्याच सभेत बसायचे." मी विचारलं, "मग बाई का नाही उभी राहत?" ती म्हणाली, "राहू नये असं कुठे लिहिलेलं नाही. कुणी राहिली नाही, एवढंच."

तर मी उभी राहणार आहे. क्रुसाच्या सणाला, सभेपुढे.

आता भीती एकच आहे, ती कायद्याची नाही. आवाज येईल का रे? इतकी वर्षं चार पुरुषांसमोर ओठ हलवले नाहीत. म्हणून मी तळघरात जाऊन सराव करते. तिथे दारूचे मोठे रांजण ओळीने पुरलेत, पोटं सुटलेले, अगदी सभेत बसलेल्या व्यापाऱ्यांसारखे. मी त्यांच्यापुढे उभी राहते आणि म्हणते, "पंच हो, माझं ऐका." पहिल्या दिवशी नुसती हवा आली. मग खरखर. काल पहिल्यांदा वाक्य पुरं झालं, आणि मागे वळून बघते तर जिन्यावर जाऊबाई! झुम्रुत जाऊबाई, मार्तिरोसची बायको. कधीपासून उभ्या होत्या देव जाणे.  त्या दार लोटून वर गेल्या. आता त्या नवऱ्याला सांगणार. कधी सांगतात एवढंच बघायचं.

सांगू देत. मी बोलणार.

ताई

*

मद्रास, २८ ऑगस्ट १७७५

ताई,

हे पत्र वेळेत पोचणं कठीण आहे, तरी पोचावं अशी प्रार्थना करतोय. बोलू नकोस. सभेत जाऊ नकोस.

मी खरंच लपवत होतो. गेल्या वर्षीच इथल्या व्यापाऱ्यांत कुजबुज सुरू झाली होती. हे पुस्तक सुलतानाच्या किंवा शहाच्या माणसाच्या हाती लागलं तर तिकडच्या आपल्या लोकांना त्रास होईल, चर्चवर संकट येईल. मला वाटलं, घाबरटपणा आहे, निवळेल. निवळला नाही. गेल्या महिन्यात पंचांनी बैठक घेतली आणि सगळ्या प्रती गोळा करून छापखान्याच्या मागे जाळल्या. एमनियाज काकांनी स्वतः किल्ली दिली. माझ्याकडे बघत नव्हते. मी विचारलं, "काका, तुम्ही लिहिलेली पानंसुद्धा?" तर म्हणाले, "मला तिकडे दोन भाऊ आहेत, पोरा." 

बैठक मोडली. एक मित्र कलकत्त्याला गेला, दुसरा समोरून येताना दिसला तर रस्ता बदलतो. छापखाना कुलपात आहे. जिथे आम्ही स्वतःच, पाच शिकलेली माणसं, आपल्या लोकांपुढे चार शब्द बोलून टिकलो नाही, तिथे तू एकटी काय टिकणार? तुला सभेतून हुसकावतील, मार्तिरोस तुला घरातून काढतील, आणि मग नाझलूला पाहायलाही मिळणार नाही. माझ्या एका ओळीपायी असं होऊ नये. ती ओळ विसर. मीच मूर्ख. देश घडवायला निघालो होतो, मला साधं पत्र लिहिता येत नाही.

माफ कर.
अवेतिक

*

जुल्फा, १४ जानेवारी १७७६

अरे माझ्या घाबरट राजा,

तुझं पत्र आज आलं. उशीर झाला. बोलून झालं!

मी केव्हाच लिहिणार होते, पण बसऱ्याच्या लढाईमुळे बूशहरचा काफिला निघेच ना. आज निघतोय, म्हणून हात दुखेपर्यंत लिहिते. नीट बसून वाच.

क्रुसाच्या सणाची प्रार्थना झाली. पुरुष अंगणात गालिच्यांवर बसले, आणि बायका नेहमीसारख्या बाजूच्या दाराने बाहेर पडायला लागल्या. मी मागे राहिले. कलांतर, म्हणजे आपल्या गावचे मुख्य, मधोमध बसले होते. मार्तिरोस उठले, दाढीवरून हात फिरवला आणि सुरुवात केली, "आमच्या घरची मुलगी नाझलू..." एवढ्यात मी चालत गेले आणि फिर्यादी उभे राहतात त्या चटईवर जाऊन उभी राहिले.

अवेतिक, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एक म्हातारे तर खजूर तोंडात तसाच ठेवून बघत होते. मी तोंड उघडलं आणि काय सांगू, आवाजच नाही! दातखीळ बसली. रांजणांसमोर एवढी बडबड केली, ती सगळी कुठे गेली कोण जाणे. मग सवयीने मान हलवली, हात हलवले. मार्तिरोस हसून म्हणाले, "मुलीची आई आहे. आनंदाने भान हरपलंय बिचारीचं."

लोक हसले. आणि त्या हसण्याने माझं डोकं असं तापलं म्हणतोस! मी पट्टी ओढून हनुवटीखाली केली. "भान शाबूत आहे माझं," मी म्हटलं. "मी नाही म्हणतेय. वर्षभर नाही म्हणतेय. यांना हो ऐकू येतंय."

आवाज कसला रे, बिजागरी गंजलेल्या दारासारखा. माझा मलाच ओळखू आला नाही. पण अंगणाच्या पार टोकाला पोचला.

मार्तिरोस लालबुंद. "हिला बोलायची परवानगी मी दिलेली नाही!"

कलांतरांनी विचारलं, "मग कुणी द्यायची?"

"मी. घराचा प्रमुख मी आहे."

"म्हणजे तक्रार तुमच्याविरुद्ध करायची," मी म्हटलं, "आणि तोंड उघडायचं तुमच्या परवानगीने?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग ते खजूरवाले म्हातारे म्हणाले, "मुली, सभा व्यापारासाठी आहे. हा घरातला मामला आहे."

"काका, घरातला होता तर बाजारात का आणलात? माझ्या मुलीचं नाव या अंगणात घेतलंत, तेव्हाच तो सभेचा मामला झाला. इथे रेशमाचं एक गाठोडं भिजलं तरी दोन्ही बाजू ऐकता. सुरतेतल्या गुमास्त्याचं म्हणणं यायला वर्ष लागलं तरी वर्षभर निकाल थांबवता. आणि माझी मुलगी जन्मभरासाठी द्यायची, तर एकच बाजू?"

अवेतिक, त्यानंतर कुणी हसलं नाही. हे लोक शाळेत काही शिकले नसतील, पण गाठोड्याचा न्याय त्यांना दूधपित्या वयापासून ठाऊक आहे. मी बघत होते, एकेकाचा चेहरा विचारात पडत गेला.

कलांतर म्हणाले, "ही अक्कल तुला कुणी दिली?"

"भावाने छापलीय, मद्रासला." आणि तुझं पान पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुझी ओळ, अवेतिक! आपल्या आजोबांच्या सभेत! मला रडू फुटलं, आणि यावेळी खरंच आनंदाने.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मद्रासचा कायदा जुल्फात चालत नाही."  मग त्यांनी पानाची घडी घातली आणि म्हणाले, "पण हा मद्रासचा कुठे आहे? हे तर आपण रोज करतो. बायकांच्या बाबतीत करायचं राहून गेलं होतं. मुलीला बोलवा."

मार्तिरोस म्हणाले, "मुलगी घरी आहे. कुलपात." ते म्हणता म्हणता बाजूचं दार उघडलं आणि झुम्रुत जाऊबाई आत आल्या, नाझलूचा हात धरून! किल्ली कमरेला तशीच लटकत होती.

"तू कशाला आणलीस हिला?" मार्तिरोस ओरडले.

"तुमचं ऐकलं, आईचं ऐकलं, आता पोरीचं ऐकायचं म्हणून," जाऊबाई म्हणाल्या. "मला रांजणांसमोरचं सगळं भाषण पाठ आहे. हिला आठवलं नसतं तर मीच म्हणणार होते."

मी त्यांना पाच महिने शिव्या दिल्या होत्या रे मनातल्या मनात! आणि त्या रोज जिन्यावर पहारा देत होत्या, कुणी खाली येऊ नये म्हणून.

नाझलू जाऊबाईंचा हात न सोडता बोलली. "मला नाही जायचं. मला मठात परत जायचंय. आणि," बाबाजानकडे बघून म्हणाली, "तुम्ही चांगले असाल, पण मला तुमच्याकडे बघून आजोबांची आठवण येते." अख्खं अंगण हसलं, आणि बाबाजानसुद्धा. तो उठला, माझ्यापुढे झुकला. म्हणाला, "मला सांगितलं होतं आई आणि मुलगी दोघी खूष आहेत. रडणारी नवरी घेऊन मी शिराझला कुठल्या तोंडाने जाऊ?" माणूस भला निघाला. मी त्यालाही वर्षभर शिव्याच देत होते.

निकाल झाला. लग्न रद्द. आणि पुढे असं, की आई आणि मुलगी दोघींनी स्वतःच्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय कुठलंही नाव अंगणात घ्यायचं नाही. त्या दुपारी गल्लीतल्या छपराछपरावर बायका होत्या. कुणी खालून डाळिंबं पाठवली, कुणी थाळ्या वाजवल्या, आणि आमच्या समोरच्या घरातली नवी सून पट्टीआडून ओरडली, "तागुही काकू, पुन्हा सांगा ना, मला नीट ऐकू आलं नाही!" मी चार वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी मार्तिरोस थोडे थोडे लहान होत गेले, तो भाग वेगळा.

मार्तिरोस महिनाभर मला टाळत होते. मग एक दिवस जेवताना, पानातून मान वर न करता, त्यांनी विचारलं, "यात मीठ घातलंय का?" या घरात त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "घातलंय. वर हवं असेल तर तिथे आहे." आणि त्यांनी हात लांब करून घेतलं.

आता तुझ्या पत्राचं. प्रती जाळल्या म्हणून तू रडत बसलायस? अरे वेड्या, तुझं पुस्तक इथे लागू झालंय! एक ओळ झाली, पण झाली. पाचशे प्रती कपाटात असत्या आणि एकही ओळ कुणी उच्चारली नसती, तर काय करणार होतास? आणि एमनियाज काकांवर रागावू नकोस. त्यांना भावांची काळजी आहे, मला मुलीची होती. घाबरायला मीही घाबरले होते. जा, त्यांना हे पत्र वाचून दाखव. मोठ्याने वाच, आणि मध्येच रोमला जाऊ नकोस.

तुझी बोलणारी,
तागुही ताई

*

मद्रास, ३ जून १७७६

ताई,

मी वाचलं. काकांच्या ओसरीवर, मोठ्याने. गुमास्ते गोळा झाले, शेजारचे आले, रस्ता बदलणारा मित्र रस्ता ओलांडून आला. "भान शाबूत आहे माझं" इथे आलो तेव्हा ते वाक्य मी दोनदा वाचलं. काका नळी हातात धरून बसले होते, हुक्का कधीच विझला होता. शेवटी एवढंच म्हणाले, "मी त्या नियमाच्या विरुद्ध मत दिलं होतं." आणि आत गेले. मला वाटलं, झालं, यांना काही फरक पडला नाही. माझंच पत्र वाचणं चुकलं असणार.

पुढच्या आठवड्यात चार घरी बोलावणं आलं. पुरुष बाहेर बसायचे, बायका पडद्यामागे, आणि मार्तिरोसने मीठ घेतलं तिथे पडद्यामागून टाळ्या यायच्या. इथल्या बायकांच्याही तोंडावर पट्ट्या आहेत, ताई. या उकाड्यात! मी इतकी वर्षं बघत होतो आणि मला दिसल्या नव्हत्या.

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर पंच बसले. विषय छापखान्याचा होता. यंत्र मोडून धातू जहाजावर चढवायचा आणि जागेत गोदाम करायचं, असं ठरून आलं होतं. मी बोललो. यावेळी नीट बोललो, रोम नाही, ग्रीस नाही. कुणी वाद घातला नाही, कुणी पाठिंबाही दिला नाही. मुख्य पंचांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाचं काही म्हणणं?" आणि उत्तराची वाट न बघता टोपी उचलली. बाकीचेही उठायला लागले.

"माझं आहे."

बायकांच्या बाजूने आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. एमनियाज काकांची बायको, येरिकनाझ काकू. पट्टी काढून मुठीत धरलेली. त्या घरी काका मला बारा वर्षांपासून जेवायला बोलावतात आणि मी काकूंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मुख्य पंच काकांकडे बघायला लागले, यांना गप्प करा म्हणून. काका उठले. मला वाटलं, आता काकूंना हात धरून घरी नेतात. त्यांनी आपली खुर्ची उचलली, बायकांच्या बाजूला नेली आणि काकूंपुढे ठेवली.

"बसून बोल," म्हणाले. "वेळ लागला तरी चालेल."

आणि टोप्या हातात घेऊन उभे राहिलेले सगळे पंच, ताई, एकेक करून परत खाली बसले.

अवेतिक